माझे बोट घंटीवरच होते

मित्रांनो, मी एक जुना सिरिअल पोर्ट आहे. संगणकाच्या पाठीला नऊ पिनांचे जे तोंड असते आणि ज्यात हल्ली फक्त धूळ जाते, तोच मी. एका कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या असंख्य भावंडांसोबत माझा जन्म झाला. त्याचे मला विशेष काही वाटत नाही. वाटते ते माणसांबद्दल, आणि ते फारसे चांगले नाही.

मी रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला लागलो. तपासणीचे यंत्र केबलमधून एकेक अक्षर माझ्याकडे पाठवी, मी ते संगणकाला देई आणि रिपोर्ट तयार होई. लॅबचे मालक असलेले डॉक्टर आल्यागेल्याला माझी केबल कौतुकाने दाखवत, जणू ती त्यांनीच विणली होती.

मग एका इंजिनिअरने माझ्यासाठी नवा ड्रायव्हर लिहिला. ड्रायव्हर म्हणजे माझ्याकडची अक्षरे उचलून नेणारा प्रोग्राम. अक्षरे आली की त्याला बोलवायला मी इंटरप्ट देतो, म्हणजे घंटी दाबतो. ही घंटी दाबताक्षणी एकदाच वाजते, दाबून धरली तर वाजत नाही. एवढी साधी गोष्ट त्या शहाण्याच्या डोक्यात शिरली नव्हती. त्याचा ड्रायव्हर येई, असेल तेवढे उचली, आणखी काही आहे का असे एकदाच विचारी आणि चालू लागे. माझ्याकडचे सगळे संपले, की मगच मी बोट उचलतो; त्याआधीच नवे अक्षर आले, की बोट घंटीवर तसेच राही आणि घंटी मुकीच. मागून येणारी अक्षरे सांडून जात.

रिपोर्ट अर्धेमुर्धे येऊ लागले. तेव्हा सगळ्यांनी यंत्रात नमुने लावणाऱ्या ताईंना धारेवर धरले.

"तुम्ही केबलला धक्का लावता," डॉक्टर म्हणाले. "आणखी एकदा असं झालं तर उद्यापासून येऊ नका."

"मी केबलला हातसुद्धा लावत नाही, डॉक्टर."

"मग रिपोर्ट काय भुताने खाल्ला?"

इंजिनिअरसाहेबांनी केबल बदलली. मग नवी केबलही बदलली. मग मला फुंकर मारली. त्याची मलाच लाज वाटली. शेवटी चूक शोधायची म्हणून त्याने ड्रायव्हरला आल्याआल्या पडद्यावर संदेश लिहायला लावले. त्या लिखापढीत ड्रायव्हरला उशीर होई, तोवर सगळी अक्षरे माझ्यापाशी जमत आणि तो ती एकदम उचली. रिपोर्ट पूर्ण आले. महाशयांची छाती फुगली. त्यांनी संदेश पुसून टाकले आणि घर गाठले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पुन्हा अर्धा आला आणि डॉक्टरांनी ताईंना काढून टाकले.

मग कुठे इंजिनिअरने थोरल्या बहिणीला फोन लावला. ती याच धंद्यातली.

"निघण्याआधी पोर्टला परत विचारतोस का, आणखी काही आहे का म्हणून?" तिने विचारले.

"विचारतो की. एकदा."

"एकदाच? अरे, तो नाही म्हणेपर्यंत विचारायचं असतं."

त्याने दोन ओळी वाढवल्या. रिपोर्ट सुरळीत येऊ लागले.

त्याच संध्याकाळी ताई आपला अॅप्रन न्यायला आल्या. पडद्यावर पूर्ण रिपोर्ट बघून त्या थबकल्या.

"मी गेले आणि नीट झालं. म्हणजे चूक माझीच होती तर," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान डोलावली. इंजिनिअर माझ्या मागेच बसून केबल गुंडाळत होता. चूक कोणाची ते त्याला पुरते ठाऊक होते. त्याने केबल उलगडली आणि आणखी नीट गुंडाळायला घेतली. एवढा भेकड माणूस मी पाहिला नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला झाका, अशी विनवणी मी करणार नाही. धुळीने माझे काही बिघडत नाही. यंत्र अडले तर खुशाल केबली बदला, हवी तर फुंकर मारा. पण चूक आपली निघाली, तर समोरचे माणूस दाराबाहेर पडायच्या आत ती सांगा. इंजिनिअरला तेवढा वेळ होता. ताई चपला घालताना बराच वेळ वाकून होत्या.