वाळत घातलेलं गाळणकापड

पोटच्या पोरानं आईच्या घरातलं काही फेकायचं असेल तर आधी विचारावं, एवढंच सिऊ-बानचं म्हणणं होतं. पण बुन-काय विचारणाऱ्यांतला नव्हता. शनिवारी शिंचूहून विमानानं बेटावर, माकोंगला उतरला, काखेत हे एवढं खोकं घेऊन घरात आला, चहाला हातही न लावता खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या काचेच्या टाकीखालच्या कपाटात डोकं खुपसलं. तासाभरात आईचे सगळे स्पंज, कापसाच्या पट्ट्यांची थप्पी आणि सात गाळणपिशव्या काळ्या पिशवीत कोंबल्या. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली, तर हा गडी सपाता घालून पळत गेला आणि पिशवी गाडीत भिरकावून आला. लहानपणी कधी कचरा टाकायला उठला नव्हता.

"आबू, सगळं सडलं होतं ते," तो आईला म्हणाला.

"तुझं नाक सडलंय. कालच समुद्राच्या पाण्यात खळबळून ठेवलं होतं मी."

"स्पंज तर घाणीचं घरच असतो. पोटात धरून बसतो सगळं."

"मला शिकवतोस? स्पंज जाडभरडं धरतो, म्हणून तो दर तिसऱ्या दिवशी पिळायचा. कापूस बारीक धरतो, दोन दिवसांत तुंबतो. पिशवी दोन्हीपेक्षा बरी, पण पाचव्या दिवशी वरून वाहायला लागते. सव्वीस वर्षं या तिघांना मी आलटूनपालटून कामाला लावलंय. तू तेव्हा दूधभात खाऊन भिंतीवर रेघोट्या मारत होतास."

"आणि गुडघे?"

चंद्रोत्सव झाला की काओश्युंगच्या दवाखान्यात सिऊ-बानच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि डॉक्टरनं बजावलं होतं की त्यानंतर उकिडवं बसायचं नाव काढायचं नाही. उकिडवं न बसता मोरीत सात पिशव्या घासणारी बाई अजून जन्माला यायची होती.

बुन-कायनं खोकं उघडलं. आत पांढऱ्या कापडाचा जाडजूड रोल, एक मोटर आणि एक तरंगता गोळा. वरून पाणी कापडावर पडायचं. कापड मळलं की पाणी तुंबून चढायचं, गोळा उचलला जायचा, मोटर फिरायची. मळकं कापड एका दांडीवर गुंडाळलं जायचं आणि कोरं पुढे यायचं. धुणं नाही, पिळणं नाही. एक रोल दीड महिना.

"हे चाललं तर टाकी इथेच," तो म्हणाला. "नाही चाललं तर चंद्रोत्सवाआधी टाकी शिंचूला, माझ्या साहेबांकडे. त्यांच्याकडे माणसं आहेत. तू हट्ट करून मोरीत पडलीस तर मी विमान पकडून येईपर्यंत काय?"

टाकी पाच फुटांची होती. सिऊ-बान तिसरीपर्यंत शिकलेली. वीस वर्षं मासळीबंदरावर पहाटे मासे निवडून बोटं सडवली, आणि मग फुटक्या टोपलीएवढ्या काचेच्या पेटीपासून सुरुवात करून हे उभं केलं. मत्स्यविद्येचे मास्तर विद्यार्थ्यांना घेऊन यायचे, चपला काढून उभे राहायचे आणि तिला विचारायचे, समुद्रफूल एवढं कसं वाढलं म्हणून. तळहाताएवढं आणलेलं जांभळ्या टोकांचं समुद्रफूल, फुलासारखं दिसणारं ते जिवंत जनावर, आता सुपाएवढं झालं होतं. त्यात राहणारी नारिंगी माशांची जोडी दर पंधरवड्याला अंडी घालायची. असं घर उचलून साहेबाच्या दिवाणखान्यात जाणार होतं.

म्हणजे गंमत बघा. यंत्राला नावं ठेवावीत असं तिच्या जिवात फार होतं, आणि यंत्र बिघडू नये असं त्याहून फार होतं.

रविवारी दुपारी बुन-काय परत गेला. सोमवारी यंत्र वरवर तरी शहाण्यासारखं वागलं. मंगळवारी सिऊ-बाननं कपाटाचं दार उघडलं तर कोऱ्या कापडाचा रोल मनगटाएवढा जाड होता, तो दोन बोटांवर आला होता. दीड महिन्याचं कापड तिसऱ्या दिवशी संपत आलं होतं. वर टाकीत समुद्रफूल दिसत नव्हतं. नारिंगी जोडी एका कोपऱ्यात काचेला तोंड लावून उभी होती, घरातून हाकलल्यासारखी.

तिनं फोन लावला.

"सुरुवातीला असं होतं आबू," बुन-काय म्हणाला. मागे कारखान्याची घरघर. "जुनी घाण निघतेय. चांगलं चाललंय ते."

"फूल दिसत नाही."

"खडकामागं गेलं असेल. जातं की अधूनमधून."

"जातं. पण त्याचे मासे त्याच्याबरोबर जातात."

"मी रविवारी बघतो. तोवर हात लावू नकोस. बिघडलं तर मग..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. दोघांनाही ते पाठ होतं.

सिऊ-बाननं फोन ठेवला आणि हात लावला. मोटर बंद करून तिनं मळक्या कापडाची गुंडाळी कापून दांडीसकट काढली, परातीत घातली आणि अंगणात नेली. अंगणात माकूळ वाळवायचे बांबू होतेच. दोन बांबूंवरची माकळं एका बाजूला सरकवून तिनं गुंडाळी उलगडायला घेतली.

शेजारची गिम-हून शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली.

"काय गं हे? कुणा म्हाताऱ्याची बँडेजं?"

"माझ्या पोराची अक्कल वाळत घालतेय."

"लांबलचक आहे की. आणि वास?"

"अकलेलाच येतोय. इकडे ये, ते टोक धर. शेंगा पळून नाही जात."

कापडाचं आतलं टोक म्हणजे शनिवारची संध्याकाळ, हे कळायला सिऊ-बानला शाळा लागली नाही. तिथे गडद तपकिरी चिखल होता. बुन-कायनं नळ्या हलवल्या तेव्हा तळाशी बसलेला गाळ उठला, तो. मग हातभर फिकट पट्टा: शेवाळाचे तुकडे, माशांच्या खाण्याचा चुरा, रोजचं. तिनं बोटानं चोळून पाहिलं, वास घेतला. ठीक. मग सोमवारच्या सकाळी कुठेतरी कापड बदललं होतं. चिकट, पांढुरका लेप, शेंबडासारखा. त्यात ठिपके.

तिनं नखानं एक ठिपका उचलला आणि उन्हात धरला. जांभळं टोक.

"गिम-हून, शेंगा राहू दे. स्टूल धरायला ये."

ती गुडघे विसरून आत गेली. लाटा उठवणाऱ्या पंपाचं बटण आधी बंद केलं, मग खडकामागं वाकून पाहिलं. पंपाच्या तोंडावर तिनं वर्षानुवर्षं स्पंजाचा तुकडा बांधलेला असायचा. समुद्रफूल चालतं, सरकत सरकत कुठेही जातं, हे तिला माहीत होतं. बुन-कायनं सगळे स्पंज काढले तेव्हा तोही काढला होता. उघड्या तोंडाशी गेलेलं फूल पंपानं आत ओढलं होतं आणि दोन दिवस तो त्याचा कीस पाडत होता.

"घट्ट धर. हलवलंस तर तुझ्या घरी येऊन पडेन मी," ती स्टुलावर चढत म्हणाली.

"पड बाई, अंथरूण घालून ठेवते."

पाण्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं पंपाचं चाक बोटानं उलटं फिरवलं. एक पाकळी सुटली. पुन्हा अर्धा वळसा, दुसरी सुटली. ओढायचं नाही, ते सोडेपर्यंत थांबायचं, हे तिच्या बोटांना बंदरावरच्या जाळ्यांनी शिकवलं होतं. अर्धा तास लागला. निम्मं फूल गेलं होतं, निम्म्याचा तळवा शाबूत होता. तिनं ते सच्छिद्र टोपलीत ठेवलं आणि टोपली टाकीच्या कोपऱ्यात अडकवली. मग राहिलेलं कोरं कापड यंत्रावर चढवून मोटर चालू केली. ते बंद ठेवायचं तिचं धाडस झालं नाही, आणि हे तिनं गिम-हूनला सांगितलं नाही.

बुन-कायला मात्र तिनं फोनवर सगळं सांगितलं.

बुधवारी सकाळच्या पहिल्या विमानानं तो आला. चेहरा न धुतल्यासारखा. कुणी न सांगता धक्क्यावर गेला. सिऊ-बानच्या दिरानं बोटीतून लाटबांधाच्या बाहेरचं स्वच्छ पाणी आणलं होतं, त्याचे वीस-वीस लिटरचे अठरा कॅन यानं तीन खेपांत घरी आणले आणि जिना नसूनही जिना चढल्याइतका दमला. दुपारपर्यंत निम्मं पाणी बदलून झालं. मग तो अंगणात आला. कापड अजून बांबूवर होतं, माकळांच्या शेजारी.

सिऊ-बाननं त्याला टोकापासून टोकापर्यंत चालवलं. "हा शनिवार. हा तू गेलास तो रविवार. आणि इथे बघ."

त्यानं पाहिलं. बोटानं चोळून वासही घेतला, तिनं न सांगता.

"आबू, मशीन काढून टाकतो मी," तो म्हणाला. "चूक माझी. टाकीचं काय करायचं ते तू ठरव. साहेबांना मी नाही म्हणून सांगतो."

आतून टाकीची सळसळ येत होती. माशांतला एकही दगावला नव्हता. नारिंगी जोडी टोपलीभोवती घिरट्या घालत होती, आणि मादी मधूनच टोपलीच्या भोकातून तोंड आत घालून पाहत होती. सिऊ-बानला हे कसं झालं ते सोमवारच्या पट्ट्यावरूनच कळलं होतं. फुलाचा कीस पडल्यापडल्या कापडानं उचलून पाण्याबाहेर गुंडाळला होता. तिच्या पिशवीत तो पाचव्या दिवसापर्यंत कुजत बसला असता आणि टाकीतला एकूण एक मासा पोट वर करून तरंगला असता. हे कबूल करायला तिला शेंगांची एक ओंजळ चघळावी लागली.

गिम-हून कुंपणापाशी कान देऊन उभी होती. उभी राहू दे. गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं तरी सिऊ-बानची हरकत नव्हती.

"खाली बस, बुन-काय. मला मान वर करून बोलायला लावू नकोस. तुझं यंत्र चांगलं आहे. माझ्या सात पिशव्यांनी जे केलं नसतं ते त्यानं केलं, तेव्हा ते राहणार. पण ते आंधळं आहे, आणि तूही त्याच्याबरोबर आंधळा झालास. घाण गुंडाळली म्हणजे काम झालं असं तुला वाटलं. मोटर तू दुरुस्त करशील. पण कापड वाचणारी या बेटावर मी एकटी आहे, हे आज तू तुझ्या बोटांनी पाहिलंस. टाकी या घरातून हलणार नाही. ऑपरेशन झाल्यावर मी खुर्चीत बसेन, उकिडवी बसणार नाही, हा शब्द देते. तू दर महिन्याला येशील, ते कापड माझ्यासमोर बांबूवर घालशील, आणि काय झालं ते मी सांगायच्या आधी तू मला सांगशील. चुकलास तर गिम-हूनसमोर चुकशील. माझा मुलगा आहेस, शिकशील."