ठमीची चाई

अख्ख्या गल्लीची डोकी ज्याच्या हातात, त्याच्याच पोरीच्या डोक्याला चाई पडावी, याला काय म्हणावं! कानामागे नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा. न्हाव्याच्या जिवाला घोर लागला. मलमं झाली, तेलं झाली, तरी एकाशेजारी दुसरा चट्टा आलाच.

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. "बुरशी नाही. धसक्यानंही केस असे जातात. घरी कशी असते ही?"

"घरी? अहो, तळहाताच्या फोडासारखं जपतो तिला!" न्हावी उसळला. ठमीनं खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरलं.

जपत होता, खोटं नाही. पण दुकानात गिऱ्हाइकांशी गोडगोड बोलणारा हा गृहस्थ घरी आला की राग नुसता नाकावर. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर, आणि बायकोच्या सात पिढ्यांचा उद्धार. पोरीला कधी बोट लावलं नाही, असं वर छाती ठोकून सांगायचा. जशी काही पोर आंधळी-बहिरीच होती!

सुट्टीत ठमी मावशीकडे गेली. शाळा उघडायला आली तसा न्हावी तिला आणायला निघाला. पोहोचला तेव्हा ती मावशीबरोबर वाटाणे सोलत बसली होती आणि तोंडाची टकळी अखंड सुरू होती. त्यानं जवळ जाऊन तिच्या कानामागे बोट फिरवलं. मऊ, दाट लव हाताला लागली.

"अगं, कुठलं औषध लावलंस?" त्याला आनंदानं काही सुचेना.

"औषध कसलं, भाऊजी? मी तर विसरूनच गेले होते," मावशी म्हणाली. "दिवसभर हुंदडते, पोटभर जेवते, गाढ झोपते."

न्हाव्यानं हात मागे घेतला. पोरीच्या आयुष्यातून तो काय तो थोडे दिवस वजा झाला होता, तेवढ्यानं ती बरी झाली होती.

ठमी एव्हाना गप्प झाली होती. कुणी न सांगता तिनं पिशवी भरली, चप्पल घातली आणि दाराशी येऊन उभी राहिली.

उचलून न्यावी, पुन्हा आवाज चढवणार नाही अशी शपथ घ्यावी, असं त्याला फार वाटलं. पण शपथा काय थोड्या घेतल्या होत्या त्यानं? त्या किती टिकतात, हे पोरीलाही पाठ होतं.

"इथंच राहतेस?" त्यानं विचारलं. "मावशीकडे? शाळेचं बघतो मी."

तिचा चेहरा एकदम उजळला. मग थोडं घाबरतच ती म्हणाली, "पप्पा, आईलाही पाठवा ना. तिचेपण केस खूप गळतात."

न्हावी भर दारात हमसून हमसून रडला.