बंपरवरची ताई

मालकाने ट्रॅक्टरच्या नाकाडावर थाप मारली आणि ताईच्या धाकट्या भावाला म्हणाला, "लोखंड कशाला हवं? तुझी ताई आहे की."

दगडाच्या यार्डातले चौघे फिदीफिदी हसले. ताईही हसली. अंगाने भरलेल्या बाईला लहानपणापासून तेवढंच शिकवलेलं असतं.

मालकाचा ट्रॅक्टर तिच्या बापाच्या लग्नाआधीचा. इंजिनात जीव होता, पण पुढून हलका. मागे भरलेली ट्रॉली असली आणि चढ लागला की पुढची चाकं वर उठायला बघायची. नाकाडावर वजनं बांधून द्या, असं धाकट्याने मालकाला तीन वर्षं सांगितलं. लोखंड विकत आणावं लागतं, बाई फुकट मिळते. म्हणून धाकटा स्टिअरिंगवर आणि ताई पुढच्या बंपरवर, जाळीला पाठ लावून. आज मालकाने लाद्यांचा एक थर जास्त चढवला होता.

चढ अर्धा झाला आणि ताईच्या बुडाखालचे धक्के एकाएकी थांबले. रस्ता खडबडीत, आणि खाली काहीच लागेना. तिने वाकून पाहिलं. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये चार बोटं उजेड होता.

बाजूला गवत होतं. उडी मारली तर फार तर हात मोडला असता. तिने पाय उचललासुद्धा. मग लक्षात आलं, आपण उतरलो की हे नाकाड आभाळाकडे जाणार आणि ट्रॅक्टर उलटून धाकट्याच्या छातीवर बसणार.

पाय परत खाली आला. ती जाळीपासून सुटून बंपरच्या अगदी कडेला सरकली, रस्त्यावर ओणवी झाली. आता घसरली असती तर चाकाखालीच.

"क्लच दाब रे."

आवाज इंजिनात बुडाला. तिने एक हात सोडून वर केला. उजेड पाच बोटं झाला.

धाकट्याला हात दिसला. नाकाड धाडकन आपटलं, तिचे दात जिभेत रुतले. ट्रॉली हातभर मागे घसरली आणि थांबली.

"ताई, हलू नकोस," धाकटा म्हणाला. त्याने ब्रेक पूर्ण दाबून धरला होता.

"हलते. तू ब्रेक सोडू नकोस, मेल्या."

तिने मागच्या चाकांना दगड लावले. दोघांनी वरचा थर उतरवून कडेला रचला. मग ती एकटी यार्डात गेली आणि वजनकाट्यावरची वीस-वीस किलोची पाच वजनं हातगाडीत टाकली.

"अगं, मग मी काटा कसा चालवू?" मालक आडवा आला.

तिने तोंडातलं रक्त थुंकलं. "तुम्ही बसा काट्यावर. लोखंड कशाला हवं?"

मालकाला वळसा घालून तिने हातगाडी चढाकडे ढकलली.

वजनं तारेने बंपरला आवळली. ट्रॅक्टर निघाला. ताई बाजूच्या गवतातून वाकून चालत राहिली, चाकाखाली उजेड दिसतो का बघत. चढ संपला तरी तिची कंबर सरळ होईना.