सात कोटी वर्षांचं भस्म

अंजनगाव सुर्जीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर सूक्ष्मदर्शक, त्याला जोडलेला टीव्ही आणि मागे भस्म देणारा कणबाबा. त्याने आधी लोकांच्या घरचं मीठ काचेखाली ठेवलं. पडदा काळाकुट्ट. "हे मेलेलं!" मग स्वतःचं भस्म ठेवून काहीतरी पुटपुटला, तर अंधारात शेकडो चकत्या चमकल्या, प्रत्येकीत काळी फुली. चकत्या फिरवल्या तरी फुली जागची हलेना. "हे जिवंत! साखर, दमा, कॅन्सर, सगळ्यांना सुट्टी." लोकांनी हात जोडले.

सीमाने नाही जोडले. ती अमरावतीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची आणि अशाच फुल्या बघण्यात तिची दहा वर्षं गेली होती. पण तिला हसू येत नव्हतं. शेजारी तिचा थोरला भाऊ खुशालराव बसला होता आणि त्याच्या मांडीवर नऊ वर्षांची हर्षा धापा टाकत होती. भस्मापायी पोरीचं इन्सुलिन चार दिवस बंद होतं.

सीमा तडक स्टेजवर चढली आणि तिने सूक्ष्मदर्शकातली वरची काच फिरवली. पडदा पांढरा झाला, फुल्या गायब. तिने लोकांना समजावलं, की उजेड गाळणाऱ्या दोन काचा एकमेकींना आडव्या लावल्या की अंधार होतो. मीठ त्यात काळंच राहतं, चुनखडीचे कण मात्र चमकतात. फुली त्या दोन काचांमुळे उमटते, म्हणून कण फिरला तरी ती हलत नाही. ती सरळ की वाकडी, यावरून हे कण कोणत्या समुद्री शेवाळाच्या कवचाचे, ते सीमा ओळखायची. तिने भस्मावर लिंबू पिळलं, तर ते चुनखडीसारखं फसफसलं.

"ही खडूच्या दगडाची भुकटी आहे," ती म्हणाली. "सात कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री शेवाळाची कवचं. यानं साखर उतरत नाही."

इथेच बिचारी चुकली. बाबाने तिलाच वाकून नमस्कार केला. "ऐकलंत? सात कोटी वर्षं! मॅडमनीच सांगितलं." रांग दुप्पट झाली.

"भाऊ, पोरीले दवाखान्यात ने. हात जोडतो तुले," सीमा म्हणाली.

"तूच तं सांगतलं, सात कोटी वर्साचं हाय म्हून. ते इंजेक्शन तं मागच्या महिन्यातलं हाय," खुशालराव म्हणाला. पोरीला घरी नेऊन त्याने दाराला आतून कडी लावली.

तिसऱ्या दिवशी हर्षाला बेशुद्ध अकोल्याला नेलं. ती परत आली नाही. आता बाबाचा मुक्काम अकोल्याच्याच जठारपेठेत आहे आणि फलकावर लिहिलंय, 'प्राध्यापिकेने तपासलेलं भस्म'.

मायबापहो, चमकतं म्हणून किंवा जुनं म्हणून काही औषध होत नाही. किती रोगी बरे झाले, कुणी तपासलं, एवढं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत लेकरांचं इंजेक्शन चुकवू नका.