लग्नाचं लिंबू

वरवंडच्या मारुतीच्या सभामंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. डोलेबाबा आले होते ना! त्यांनी आडव्या धरलेल्या वेताच्या काठीला तीन काळे दोरे होते आणि दोऱ्यांना तीन लिंबं: एक शेतीचं, एक शिक्षणाचं, एक लग्नाचं. प्रश्न विचारला की बाबा डोळे मिटून पुटपुटायचे, आणि काठी जागची हलत नसताना एकच लिंबू डोलायला लागायचं. शेजारची दोन गप्प. हे मीही पाहिलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला.

"ही ब्रह्मांडाची व्हायब्रेशनं आहेत," बाबा म्हणाले. "परदेशातले शास्त्रज्ञ थक्क झाले!" कुठल्या देशातले, ते व्हायब्रेशनांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी प्रश्न हौसराव आबांचा होता. त्यांची नात तेजश्री दौंडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. तिचा फिजिक्सचा पेपर राहिला आणि नेमकं तेव्हाच एक स्थळ चालून आलं. पोरीला पुढं शिकवावं की उजवून टाकावं, हे आबांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी ते लिंबांवर सोपवलं. पोरीला विचारायचं मात्र राहूनच गेलं. ती खांबाला टेकून लिंबांच्या दोऱ्यांकडे टक लावून बघत होती.

बाबा पुटपुटले. लग्नाचं लिंबू झुलू लागलं. बायकांनी हात जोडले.

"बाबा," तेजश्री एकदम पुढं आली, "दोरे लहानमोठे का बांधलेत?"

बाबा गोड हसले. "लग्नाची वाट जवळची, मुली. शिक्षणाची लांबची. म्हणून त्याचा दोरा लांब."

"मग एकदा सारखे बांधून विचारा की."

"लिंबांना पोरीबाळींचा हात चालत नाही!"

"मी कुठं लावते? आबा बांधतील. त्यांचा हात चालतो ना?"

आबांचा हात चालत नाही असं वरवंडात म्हणायची कुणाची छाती आहे? आबांनी दोरे सोडले, वीतभर मोजून सारखे बांधले. बाबा पुन्हा पुटपुटले. लग्नाचं लिंबू हललं. शिक्षणाचंही हललं. शेतीचंही. बाबांनी मंत्र बदलला, कपाळावरचा घाम पुसला, पण लिंबांची एकी काही मोडेना.

"तिन्ही?" मागून झुंबरबाई ओरडल्या. "म्हंजी पोरीनं लगीन करून, शिकत शिकत शेती बी करायची व्हय?"

मंडप खदखदून हसला. तेजश्रीनं आबांना दोरे पहिल्यासारखे बांधायला लावले आणि काठी स्वतःच्या हातात घेतली.

"हात हलतो, आबा. पण इतका थोडा, की दिसत न्हाई. प्रत्येक दोऱ्याचा आपला ताल असतो. आखूड दोरा भरभर झुलतो, लांब दोरा सावकाश. पाळण्याला त्याच्या तालात नुसतं बोट लावत राहिलं तरी झोका वाढतो ना, तसंच. ज्याच्या तालात हात हलवाल, तेच लिंबू झुलतं. दोरे सारखे केले की ताल सारखा, मग सगळीच झुलतात. ह्याला रेझोनन्स म्हणतात."

बोलता बोलता तिनं शिक्षणाचं लिंबू झुलवून दाखवलं. बाबांना तेवढ्यात कुरकुंभच्या भक्तांची आठवण झाली आणि ते झोळी घेऊन हायवेकडे निघाले.

आबांनी डोळे बारीक केले. "एवढं ठावं हाय, तर नापास कशी झालीस गं?"

तेजश्रीची मान खाली गेली. "हाच प्रश्न आला होता, आबा. व्याख्या पाठ केली होती. हातानं करून कधी बघितलंच नव्हतं."

आबांनी तिच्या हातातली काठी घेतली. आधी तिन्ही लिंबं नुसतीच थरथरली. मग हात सावकाश झाला आणि लांब दोऱ्याचं लिंबू झुलू लागलं. म्हातारा पोरासारखा हसला.

"त्या पाव्हण्यांना न्हाई म्हणून कळवतो," ते म्हणाले. "तुझा पेपर परत कवा हाय?"

मंडळी, एका पोरीचं शिक्षण त्या दिवशी लिंबावर टांगलं होतं आणि आम्ही सगळे हात जोडून बघत होतो, याची मला लाज वाटते. चमत्कार दिसला तर जरूर बघा, अंगावर काटाही येऊ द्या. पण कुणाचं आयुष्य त्याच्या हवाली करण्याआधी काठी मागून घ्या आणि स्वतः हलवून बघा. जो काठी द्यायला कचरतो, त्याला प्रश्न विचारू नका.