कोच तळ्यावर गेलेत

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हटल्यावर वादळात झुंजलेली, लाटांनी झिजलेली होडी तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मी वापरून जुनी झालेले नाही, उभी राहून जुनी झाले आहे. या ऑक्टोबरपर्यंत, माझ्या पंधरा वर्षांच्या आयुष्यात, मी तळ्याच्या पाण्यात होते एकूण अकरा मिनिटे. होडीने हे स्वतःच्या तोंडाने सांगायचे म्हणजे लाज वाटते. खरे तर ज्यांना ती वाटायला हवी, ते आत स्वयंपाकघरात जुन्या सामन्यांची चित्रफीत पाहत बसलेले असतात.

माझा जन्म टेनेसी नदीच्या काठी एका लहानशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचे पत्रे वाकवून मला घडवणारा कारागीर ऑर्विल हा मोजके बोलणारा माणूस होता. मला चाचणीच्या हौदात सोडल्यावर त्याने माझ्या तळावरून आतून बोटे फिरवली, ती कोरडी आहेत असे पाहिले आणि म्हणाला, "हिच्यात थेंब शिरायचा नाही." आयुष्यात मिळालेली ती माझी पहिली शाबासकी. एवढे वाक्य लक्षात ठेवा.

मला विकत घेतले ते पाइन फोर्ड गावच्या कार्व्हर कॉलेजच्या पाठीराख्यांनी. त्या गावात लग्नाची तारीख ठरवायची तर आधी कॉलेजच्या फुटबॉलचे वेळापत्रक भिंतीवरून काढून समोर ठेवतात. शनिवारी सामना असेल तर नवरा-नवरीने थांबायचे. संघाचे नाव 'खेचरे', गणवेश नारिंगी. म्हणून मला भडक नारिंगी रंग फासला आणि दोन्ही अंगांवर लाथ झाडणारे एकेक खेचर काढले. असला रंग पाहून मासे तळ सोडून पळतील, पण मला विचारतो कोण?

एकवीस वर्षे संघ सांभाळून, सहा अजिंक्यपदे मिळवून कोच हॉलिस ट्रेडवे निवृत्त होत होते. त्यांच्या निरोपाच्या जेवणात मला वाजतगाजत आणले. पाठीराख्यांचा म्होरक्या रॉयस, ज्याचे टायरचे दुकान आहे, त्याने भाषण केले. मग कोच उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "वर्लीनचा वाढदिवस ऑक्टोबरात येतो. एकवीस वर्षं मी त्या दिवशी मैदानावर. आता नाही. या ऑक्टोबरात आम्ही दोघं तळ्यावर."

सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या बायकोने, वर्लीनबाईंनी, मात्र टाळी वाजवली नाही. त्या माझ्याजवळ आल्या आणि माझ्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचे वडील त्याच तळ्यावर होड्या भाड्याने देत. लहानपणी त्या वल्हे हातात घेऊनच वाढल्या होत्या, आणि लग्नानंतर पाण्यावर गेल्याच नव्हत्या. तो हात मला फार आवडला. मला वाटले, आपले नशीब उघडले.

आता ती अकरा मिनिटे सांगते. होडीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, पावसाचे पाणी काढून टाकायला एक भोक असते. पाण्यात उतरण्याआधी त्याला बूच लावायचे, एवढेच. कोच एकटेच मला घेऊन गेले होते, म्हणे आधी एकदा चालवून पाहतो. बूच त्यांच्या विजारीच्या खिशात होते आणि फोन कानाला. नव्या कोचला ते समजावत होते, की डावीकडचा भिडू चेंडू घेऊन आत कधी वळतो. समजावता समजावता माझ्यात पाणी भरले. बुटांत शिरले तेव्हा यांचे लक्ष गेले. मला कसेबसे बाहेर ओढून काढले, आणि घरी आल्यावर काय म्हणाले असतील? "ही होडी गळकी आहे."

मित्रांनो, तो दिवस मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत एकच वार्ता, कोचची होडी गळते. ऑर्विलच्या बोटांची कोणाला आठवण? कपडे धुताना वर्लीनबाईंना खिशात ते बूच सापडले. त्या तशाच ओल्या हातांनी पुढच्या खोलीत गेल्या.

"हॉलिस, होडी गळत नाही. हे बघ."

"बरं बरं," कोच म्हणाले. नजर टीव्हीवरून हटली नाही.

बाईंनी बूच फडताळातल्या शेंगांच्या बरणीत ठेवून दिले.

पहिल्या वर्षीचा ऑक्टोबर उगवायच्या आतच नवा कोच ओळीने तीन सामने हरला आणि आमच्या घरचा फोन खणखणू लागला. "मी नाही म्हणून सांग," कोच सांगत. "मग कुठे गेलास म्हणून सांगू?" "तळ्यावर." झाले, तेव्हापासून बाई दर फोनला सांगू लागल्या, "कोच तळ्यावर गेलेत." मी इकडे अंगणात ताडपत्रीखाली आणि कोच आत टेबलाशी, पण उत्तर ठरलेले. तिसऱ्या आठवड्यात फोन कोचनी स्वतः घेतला. चौथ्या आठवड्यात ते मैदानावर होते. आणखी आठ वर्षे तिथेच राहिले.

आठ वर्षांत मला उन्हाने पोपडे आले. एका खेचराची लाथ गळून पडली. पुढे कोच पुन्हा निवृत्त झाले, पुन्हा जेवण झाले, पुन्हा तेच ऑक्टोबरचे भाषण, आणि याही वेळी उन्हाळा सरता सरता कॉलेजातून विचारणा आली. कोच ताकास तूर लागू देईनात. तेव्हा गावाने माझ्यावरून शकुन पाहायला सुरुवात केली. ताडपत्री काढलेली दिसली तर कोच घरी राहणार, घट्ट बांधलेली दिसली तर परतणार. डेल्बर्ट न्हावी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मुद्दाम आमच्या रस्त्याने गाडी नेई आणि कुंपणापाशी हळू करी. इतकी वर्षे माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते. आता सगळे गाव पाहत होते, पण माझ्यासाठी एकही नाही.

आणि मग त्या गांधीलमाश्या आल्या. माझ्या पुढच्या बाकाखाली त्यांनी पोळे केले होते. वर्लीनबाईंनी एका सकाळी ताडपत्री ओढून काढली आणि केरसुणीच्या दांड्याने ते पाडायला घेतले. नेमकी डेल्बर्टची गाडी गेली. दुपारी स्थानिक रेडिओवर खेळाचा कार्यक्रम करणारा रस्टी ओरडून सांगत होता की ताडपत्री निघाली, कोच ट्रेडवे कायमचे निवृत्त. संध्याकाळपर्यंत शेजारणी निरोपाचे केक घेऊन दारात.

कोच पिसाळले. "माझी निवृत्ती हा न्हावी ठरवणार?"

"मी पोळं काढत होते, हॉलिस."

"मी अजून काही ठरवलंच नव्हतं."

"मग आता ठरव की. राहा घरी. माणसं चुकून का होईना, बरोबर बोलली."

पण त्यांचा अहंकार दुखावला होता. केवळ गाव खोटे पाडायचे म्हणून कोचनी त्याच रात्री फोन लावून होकार कळवला आणि आणखी पाच वर्षे काढली. एका पोळ्यापायी माझी आणि बाईंची पाच वर्षे गेली. मला सांगा, संताप येणार नाही तर काय?

बाईंनी त्या पाच वर्षांत माझ्याकडे येणे कमी केले. मी त्यांना दोष देत नाही. खिडकीतून मला पाहून त्या पडदा ओढून घेत, तेव्हा मात्र मला रडू आले असते, होडीला रडता येत असते तर.

मागच्या हिवाळ्यात कोच तिसऱ्यांदा निवृत्त झाले, बहात्तराव्या वर्षी. या वेळी जेवणाला निम्मेच लोक आले. आणि या ऑक्टोबरात, नेमक्या बाईंच्या वाढदिवसाच्या सकाळी, रॉयस हातात पेकन पाय, म्हणजे पेकनच्या दाण्यांची गोड पेस्ट्री, घेऊन आला. नवा कोच चार सामने हरला होता. अंगणात माझ्या काठावर बूड टेकवून तो कोचना म्हणाला, "फक्त हंगाम संपेपर्यंत. नाताळाच्या आधी घरी."

"माझं वय झालं, रॉयस."

"तुमच्या वयाचं काय घेऊन बसलात? पोरं रडतायत हो, कोच."

 कोचनी टोपी काढली, परत घातली. "विचार करतो," म्हणाले.

दारात वर्लीनबाई उभ्या होत्या. त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांच्याएवढा कोणाला कळणार? "विचार कर हो," त्या म्हणाल्या. "आत बसून निवांत कर. रॉयस, तुलाही कॉफी ठेवलीय." दोघे आत गेले. बाई बाहेर आल्या. त्यांनी ताडपत्रीच्या गाठी सोडल्या, एक सुटेना ती कात्रीने कापली. मी ज्या ट्रेलरवर उभी असते त्याच्या चाकांत हवा त्यांनी आदल्याच दिवशी भरून घेतली होती आणि माझ्या इंजिनाला नवी बॅटरीही बसवून घेतली होती, हे मला तेव्हा उमगले. मला घरच्या छोट्या ट्रकला जोडून त्या निघाल्या. बाजूच्या आसनावर उकडलेल्या शेंगांची पिशवी होती आणि फडताळातली ती बरणी, आता रिकामी.

न्हाव्याच्या दुकानावरून गेलो तेव्हा डेल्बर्ट गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवरचा वस्तरा तसाच धरून बाहेर धावत आला.

तळ्याच्या उतारावर मला मागे नेताना ट्रेलर दोनदा वाकडा गेला. एक मासेमार पुढे आला. "मॅडम, मी करून देऊ का?"

"नको," बाई म्हणाल्या. "पंधरा वर्षं एकजण करतो करतो म्हणतोय. तेवढं पुरे झालं."

तिसऱ्यांदा ट्रेलर सरळ गेला. बाईंनी खिशातून बूच काढले आणि खाली वाकून घट्ट पिळून बसवले. मित्रांनो, मी पाण्यात शिरले. माझा तळ थंडगार झाला. मध्यभागी आल्यावर बाईंनी इंजिन बंद केले, माझ्या तळावरून आतून बोटे फिरवली आणि ती डोळ्यांसमोर धरून पाहिली. कोरडी होती. त्या एकट्याच हसल्या आणि शेंगा सोलू लागल्या.

थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. कोचचा आवाज मलाही ऐकू येत होता, एवढा चढलेला. "वर्लीन, रेडिओवर सांगतायत मी तळ्यावर गेलोय! होडी जाताना पाहिली म्हणे. मी तर इथे स्वयंपाकघरात आहे."

"मग तसं सांग त्यांना."

"तू कुठे आहेस?"

"तळ्यावर."

"चेष्टा नको गं. खरं सांग."

"पंधरा वर्षांत पहिल्यांदाच खरं सांगतेय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

अर्ध्या तासाने रॉयसची गाडी धक्क्यापाशी थांबली. कोच उतरले. रॉयस गाडीतच बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. कोचनी हात केला. बाईंनीही केला, आणि मला वळवून आणखी एक लांब फेरी मारली. आयुष्यभर ज्यांची वाट पाहिली, ते माझी वाट पाहत उभे होते. मला बरे वाटले, हे मी लपवणार नाही.

मग आम्ही धक्क्याला लागलो. कोचनी वाकून माझ्या तळाकडे पाहिले. "गळत नाही?"

"बूच लावलं, हॉलिस."

त्यांची मान खाली गेली. त्यांनी एक पाय माझ्यात ठेवला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एक पाय धक्क्यावर, एक माझ्यात, आणि हात खिशाकडे. तसे फार वेळ उभे राहता येत नाही, कारण होडी सरकते.  वर्लीनबाईंनी फक्त धक्क्याची दोरी सोडून दिली.

मी सरकू लागले. कोचनी धक्क्यावरचा पाय उचलला आणि धपकन माझ्या बाकावर येऊन बसले. फोन वाजतच राहिला, नंतर आणखी दोनदा वाजला. तोवर त्यांचे दोन्ही हात शेंगांच्या पाण्याने ओले झाले होते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणी प्रेमाने दिलेली वस्तू आणि जवळचे माणूस, दोन्ही 'पुढच्या वर्षी' म्हणून ताडपत्रीखाली ठेवू नका. आणि आपली चूक दुसऱ्याच्या तळाला चिकटवू नका.

कोच या वेळी घरी टिकतील का, हे गाव पुन्हा विचारू लागले आहे. काल संध्याकाळी कोच फोनवर "विचार करतो" म्हणताना मी स्वतः ऐकले. तेव्हा मला विचारू नका. मला एवढेच ठाऊक आहे की रविवारी मी तळ्यावर जाणार आहे. बूच आता वर्लीनबाईंच्या खिशात असते.