क्लचखालचा बोल्ट

इलारिओ पेदेर्नेरा त्या दुपारी माझी गाडी विकत घ्यायला आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, जसा काही मुलगी बघायलाच आलाय. आमच्या डोंगरावरच्या शर्यतीत तो सालोसाल माझ्या मागे दुसरा यायचा, आणि सालोसाल माझ्या या दोन माणसांच्या लाल उघड्या गाडीवर त्याचा डोळा होता. शेवटी "विकते" असं मीच म्हटलं. कारण माझा डावा गुडघा. क्लच तळापर्यंत दाबताना पाय सरळ झाला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सीट पुढे ओढावी तर गुडघा स्टिअरिंगला लागायचा. लेक म्हणाली, आता पुरे, आई. मी मान डोलावली आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

इलारिओ गाडीत बसला. त्यानं क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं सुलेमा, क्लच तर अर्ध्यातच सुटतोय. पुढचं नुसतं दाबणं. तू पाय तळाला नेतेसच कशाला?"

"जन्मभर तसंच दाबत आले. खोड आहे."

"मग पेडलखाली अडसर घालू. पाय आपोआप तिथं थांबेल."

"अरे, तू गाडी न्यायला आलायस ना?"

"नेईन की. तुला कसली घाई?"

माझ्याच शेडमधून त्यानं एक जाड बोल्ट, दोन नट आणि रबराचा तुकडा शोधून काढला. पेडलखालच्या पत्र्यात जुनं भोक होतंच. रबर बोल्टच्या डोक्यावर चिकटवलं आणि बोल्ट त्या भोकात उभा केला. बोल्ट जितका वर घ्यावा तितका पाय लवकर थांबणार. पण ती सिएस्ताची, दुपारच्या झोपेची वेळ. या वेळी आमच्या गल्लीत समोरची क्लोतिल्देबाई इंजिन सुरू करणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारते. म्हणून त्यानं इंजिन बंद ठेवूनच मागचं चाक जॅकवर उचललं, पहिला गिअर टाकला, मला पेडल दाबायला लावलं आणि चाक हातानं फिरवून बघितलं. चाक जिथं मोकळं झालं तिथं नट आवळले. माझा गुडघा हूं की चूं करेना. मी आनंदानं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

गल्ली जागी झाल्यावर आम्ही डोंगरावर निघालो. अर्ध्या चढावर इंजिन तापलं आणि दुसरा गिअर करकरला. तिसराही. मी गाडी कडेला घेतली.

"झालं समाधान? आता घेऊन जा," मी म्हणाले, पण हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

इलारिओ उतरला. गाडीवरून एकदा हात फिरवला. त्यानं नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी गाडी त्याची होती. मग तो त्या पांढऱ्या शर्टानिशी खडीवर गुडघे टेकून माझ्या पायांशी वाकला.

"चूक माझी आहे. तापल्यावर क्लच जरा उशिरा सुटतो. बोल्ट थंड गाडीवर लावायलाच नको होता. त्या क्लोतिल्देला घाबरलो!"

त्यानं बोल्ट थोडा खाली घेतला. "चालू कर. दाब. रिव्हर्स टाक."

करकर. अजून थोडा खाली. या वेळी रिव्हर्स आवाज न करता पडला.

"गुडघा?"

"ओढ बसते. पण दुखत नाही."

"खोटं बोलत्येस."

"आईशप्पथ! वर बघ, रडतेय का मी?"

रडतच होते, पण ते वेगळं. त्यानं नट घट्ट आवळला आणि शर्टाला हात पुसले.

तो आला होता पायी, कारण जाताना गाडीतून जायचं होतं. म्हणून त्याला मीच घरी सोडलं. त्याच्या अंगणातलं शेड उघडंच होतं. आतली अडगळ गेली होती, भिंतींना ताजा चुना, मधोमध लहान गाडीपुरती जमीन नवी सिमेंटची.

"हे काय?" मी विचारलं.

"कोंबड्या पाळणारेय."

"सिमेंटवर?"

मी इंजिन बंद केलं आणि त्याचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. "इलारिओ, तुझे हे उपकार मी कसे फेडू?"

"फेडू नकोस, शर्यतीला ये," तो म्हणाला. "तू नसताना पहिला आलो, तर कुणाला हरवलं म्हणून सांगू?"